मतदार कोण आणि निर्वाचक कोण? १८०० च्या अमेरिकी निवडणुकीतील मनधरणीची पार्श्वभूमी

‘१८०० साली अमेरिकी मतदारांनी अ‍ॅडम्स यांना नाकारून जेफरसन यांना अध्यक्ष केले’ असे वाक्य मराठी लेखनात सहज लिहिले जाते आणि त्यातला ‘मतदार’ हा शब्द कोणाला खटकत नाही. वास्तविक त्या वर्षी १६ पैकी अवघ्या ५ राज्यांत अध्यक्षाच्या निर्वाचकांची निवड लोकांच्या मतांनी झाली. उरलेल्या ११ राज्यांत ती विधिमंडळांनी केली. त्यामुळे उमेदवाराच्या बाजूने कोणाचे मन वळवायचे हा प्रश्न त्या काळी आजच्याइतका सरळ नव्हता. शब्दाचा हा गुंता केवळ मराठीतला नाही. अमेरिकी राज्यघटनेने ‘इलेक्टर’ हा एकच शब्द प्रतिनिधी सभागृहासाठी मत देणाऱ्या सामान्य नागरिकासाठीही वापरला आहे आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मोजक्या मंडळींसाठीही. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीसाठी ‘निर्वाचकगण’ हा वेगळा शब्द रूढ झाला, तो या दृष्टीने अधिक सोयीचा म्हणावा लागेल. पुढील मजकुरात अध्यक्ष निवडणाऱ्याला निर्वाचक आणि बाकीच्यांना मतदार म्हटले आहे.

निर्वाचकाने स्वतःच्या बुद्धीने निवड करावी ही घटनाकारांची अपेक्षा फार काळ टिकली नाही. १७९६ साली पेन्सिल्व्हेनियात फेडरलिस्टांच्या, म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या पक्षाच्या, यादीतून निवडून आलेल्या एका निर्वाचकाने जेफरसन यांना मत दिले, तेव्हा एका संतप्त मतदाराने वृत्तपत्रात लिहिले की, मी याला माझ्या वतीने विचार करायला नव्हे, तर काम करायला निवडले होते. त्याच निवडणुकीत त्या राज्यात छापील चिठ्ठ्या चालत नव्हत्या आणि मतदाराला चिठ्ठीवर १५ निर्वाचकांची नावे लिहावी लागत. इतकी नावे कोणी लक्षात ठेवणार नाही हे ओळखून रिपब्लिकनांनी हजारो चिठ्ठ्या हाताने लिहून घेतल्या आणि त्यांचे गठ्ठे माणसांकरवी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवले. (हे रिपब्लिकन म्हणजे जेफरसन यांचा पक्ष, आजच्या त्याच नावाच्या पक्षाशी त्यांचा संबंध जोडू नये.) राज्यातील १५ पैकी १४ निर्वाचकांची मते जेफरसन यांना मिळाली, तरी देशभरात ते ७१ विरुद्ध ६८ असे हरले.

या तीन मतांच्या हुलकावणीतून १८०० च्या डावपेचांची सुरुवात झाली. व्हर्जिनियात १७९६ साली मतदारसंघवार निवड झाल्यामुळे २१ पैकी एक मत अ‍ॅडम्स यांच्याकडे गेले होते; जानेवारी १८०० मध्ये तेथील रिपब्लिकन बहुमताने नियम बदलून सगळे निर्वाचक संपूर्ण राज्याच्या एकाच यादीतून निवडण्याचे ठरवले. जेफरसन यांनी एका पत्रात याचे समर्थन केले. मतदारसंघवार पद्धत सगळ्यांनी पाळली तर ती उत्तमच, पण दहा राज्ये ती पाळत नसताना उरलेल्या सहांनी पाळणे म्हणजे मूर्खपणा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मॅसॅच्युसेट्समध्ये फेडरलिस्टांनी निवड लोकांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली आणि राज्याची सर्व १६ मते अ‍ॅडम्स यांच्यासाठी राखली. मतदाराचे मन वळवण्यापेक्षा मतदारच बदलणे स्वस्त पडते, हे दोन्ही पक्षांना कळले होते.

मात्र खरी लढत न्यूयॉर्कमध्ये झाली. तेथील १२ निर्वाचक विधिमंडळ निवडणार होते, विधिमंडळात कोणाचे बहुमत येणार हे मुख्यतः न्यूयॉर्क शहराच्या जागांवर ठरणार होते आणि त्या जागांसाठी २९ एप्रिल ते १ मे असे तीन दिवस मतदान होते. म्हणजे अध्यक्ष कोण होणार याचा निकाल एका शहरातील गाडीवान, कारागीर आणि छोट्या दुकानदारांच्या हाती होता, आणि त्यांच्यासमोर अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नावही नव्हते.

शहरातील रिपब्लिकन मोहीम एका वकिलाने चालवली, जे पुढे त्याच निवडणुकीत उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांनी प्रतिपक्षाची यादी जाहीर होईपर्यंत आपली यादी गुप्त ठेवली, आणि मग माजी गव्हर्नर व स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी अशी वजनदार नावे पुढे केली. शहरातील मतदारांची नोंद तयार करवून प्रत्येकाचा कल, स्वभाव आणि ऐपत त्यात टिपण्यात आली. एका सहकाऱ्याने पुढे सांगितलेली हकिकत बोलकी आहे. वर्गणीची यादी तपासताना एका सधन गृहस्थाच्या नावापुढे १०० डॉलर लिहिलेले पाहून त्यांनी ते नाव खोडायला सांगितले, कारण हा माणूस चिक्कू असून पैसे मागितले की तो मतदानाच्या दिवशी फिरकणार नाही. दुसऱ्या एकाच्या नावापुढची रक्कम मात्र त्यांनी दुप्पट करवली आणि ‘तुमच्याकडून कसल्याही कामाची अपेक्षा नाही’ असे कळवायला सांगितले. तो आळशी होता, पण हात सैल होता. त्यांच्या घरी कार्यकर्त्यांसाठी जेवणखाण आणि झोपायला जमिनीवर गाद्या अशी व्यवस्था होती. शहरातील सर्व जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या.

यानंतरचा प्रसंग अधिक वादग्रस्त आहे. न्यूयॉर्कमधील फेडरलिस्टांचे सर्वांत वजनदार नेते, जे पूर्वी अर्थमंत्री होते, त्यांनी ७ मे रोजी आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरांना पत्र लिहिले. मावळत्या विधिमंडळाचे अधिवेशन तातडीने बोलावून निर्वाचकांची निवड मतदारसंघवार लोकांकडे सोपवावी, असे त्यात सुचवले होते. धर्माच्या बाबतीत नास्तिक आणि राजकारणात माथेफिरू अशा माणसाला, म्हणजे जेफरसन यांना, रोखण्यासाठी नियमांचा फार बाऊ करू नये, असा त्यांचा सूर होता. गव्हर्नरांनी उत्तर दिले नाही. पक्षीय हेतूने सुचवलेला हा उपाय स्वीकारणे मला शोभणारे नाही, अशा अर्थाची नोंद तेवढी त्यांनी त्या पत्रावर केली. या नोंदीचे कौतुक पुष्कळ होते आणि ते रास्तही आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते: मतदारसंघवार निवडीचे विधेयक त्याच वसंत ऋतूत रिपब्लिकनांनी विधिमंडळात मांडले होते आणि फेडरलिस्ट बहुमताने ते फेटाळले होते. मार्चमध्ये नको असलेली लोकनिवड मे महिन्यात हवीशी झाली, एवढाच फरक. अंतिम निकाल जेफरसन यांच्या बाजूने ७३ विरुद्ध ६५ असा लागला. न्यूयॉर्कच्या १२ पैकी ५ मते जरी फिरली असती, तरी अ‍ॅडम्स ७० विरुद्ध ६८ असे जिंकले असते. अर्थात, गुलामांची तीन-पंचमांश मोजणी करून, म्हणजे लोकसंख्येत पाच गुलाम तीन माणसांबरोबर धरून, दक्षिणेकडील राज्यांना जे जादा निर्वाचक मिळाले होते, त्यांचा हिशेब केला तर हाच निकाल वेगळ्या दिशेनेही तपासता येतो.

उमेदवारांनी स्वतः मते मागणे तेव्हा असभ्य समजले जाई. त्यांच्या वतीने वृत्तपत्रे बोलत, आणि १७९२ च्या टपाल कायद्यामुळे संपादकांना एकमेकांचे अंक विनामूल्य पाठवता येत असल्याने एका शहरातला मजकूर दुसऱ्या शहरात जसाच्या तसा छापला जाई. फिलाडेल्फियातील एका फेडरलिस्ट वृत्तपत्राने मतदारांपुढे ‘ईश्वर आणि धर्मनिष्ठ अध्यक्ष’ की ‘जेफरसन आणि ईश्वर नाही’ असा पर्याय ठेवला. शेजारी देव वीस मानतो की एकही मानत नाही, याने माझा खिसा कापला जात नाही की पायही मोडत नाही, हे जेफरसन यांचे जुने वाक्य धर्मोपदेशकांनी त्यासाठी शोधून काढले. उन्हाळ्यात तर जेफरसन वारल्याची बातमीही छापून आली. उलट बाजूने सरकारवर टीका करणाऱ्या लेखक-संपादकांवर १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली खटले चालले, आणि तुरुंगवासामुळे त्यांचे लेखन अधिकच वाचले गेले.

१८२४ पर्यंत २४ पैकी ६ राज्येच विधिमंडळ-निवडीला धरून होती. त्या वर्षी सेनानी अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, तर आधीच्या अ‍ॅडम्स यांचे पुत्र असलेल्या धाकट्या अ‍ॅडम्स यांना ८४ निर्वाचकांची मते मिळाली, पण कोणालाच स्पष्ट बहुमत नसल्याने प्रतिनिधी सभागृहाने ९ फेब्रुवारी १८२५ रोजी अ‍ॅडम्स यांना निवडले. पाठिंब्याच्या बदल्यात पद देऊन हा विजय मिळवला, असा आरोप करणारी ‘भ्रष्ट सौदा’ ही जॅक्सन समर्थकांची घोषणा त्यातून निघाली आणि पुढची चार वर्षे पुरली. १८२८ साली मतदान करणाऱ्यांची संख्या सुमारे तिपटीने वाढून ११ लाखांवर गेली. आता मन वळवायचे होते ते दूरच्या खेड्यातील माणसाचे, ज्याला लांबलचक निबंध वाचायला सवड नव्हती. फिलाडेल्फियातील एका मुद्रकाने वरच्या बाजूला सहा काळ्या शवपेट्या छापलेले पत्रक काढले. १८१५ मध्ये जॅक्सन यांच्या हुकमावरून गोळ्या घातलेल्या सहा सैनिकांच्या त्या पेट्या होत्या. जॅक्सन यांना ‘ओल्ड हिकरी’ म्हणत, म्हणून त्यांच्या समर्थकांनी गावोगाव हिकरी या कणखर झाडाच्या लाकडाचे खांब रोवून त्याला उत्तर दिले. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ असे जिंकले.

दक्षिण कॅरोलायनाने मात्र १८६० पर्यंत आपले निर्वाचक विधिमंडळाकडूनच निवडून घेतले. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या हाती शवपेट्यांचे ते पत्रक पडले असते, तरी ते वाचून तो कोणाला मत देणार होता?