पऱ्यासाठी वर्गणी : कोकणातल्या गोड्या पाण्याच्या राखणीची पार्श्वभूमी

गणपतीत मुंबईकर गावी आले की वर्गणीची पावतीपुस्तके बाहेर पडतात, याचे कोकणात कोणाला नवल वाटत नाही. यंदा आमच्या वाडीत मात्र जुन्याच पावतीपुस्तकातले ‘मंदिर जीर्णोद्धार निधी’ हे छापील शब्द बॉलपेनने खोडून त्यांच्यावर ‘पऱ्या निधी’ असे लिहिलेले होते. वाडीखालून वाहणाऱ्या पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले, दोन डोह उन्हाळाभर राखायचे, तिथे कोणाला विष किंवा सुरुंग टाकू द्यायचा नाही, काठावर करंज आणि उंबर लावायचे आणि त्यासाठी लागणारा पैसा घरटी गोळा करायचा, असा पाच-सहा तरुणांचा बेत आहे. पहिल्याच घरी त्यांना विचारणा झाली, “मासे राखायचे ते ठीक, पण मग खायचे कोणी?” प्रश्न थट्टेत विचारला गेला खरा, पण कोकणात नदी-ओढ्यांची राखण आजवर कशी झाली आणि कुठे मोडली, हे समजून घ्यायला त्याच प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

रत्नागिरीकडे ज्याला पऱ्या म्हणतात आणि सिंधुदुर्गात व्हाळ, तो प्रवाह बारमाही असेलच असे नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात अंतर थोडे, उतार तीव्र आणि पावसाचे जवळजवळ सगळे पाणी चार महिन्यांत पडून वाहून जाणारे. त्यामुळे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या गावातसुद्धा मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याचे पात्र कोरडे पडते आणि पाणी राहते ते फक्त खडकातल्या खोल डोहांत, म्हणजे कोंडींत. ओढ्यातले उरलेसुरले मासे या काळात तिथेच दाटीने राहतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गढूळ लोंढा आला की तेच मासे अंड्यांनी भरलेल्या पोटाने प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि पऱ्यातून शेतांच्या पाणथळीपर्यंत पोहोचतात. यालाच चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. त्या दोन-तीन रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन बांधावर उभे राहणे हा कोकणातल्या घराघराचा सण आहे आणि या टिपणाचा लेखकही त्याला अपवाद नाही. पण हिशेब पाहिला तर जूनमध्ये चढणारा प्रत्येक मासा हा मे महिन्यात कोणत्या तरी डोहात वाचलेला मासा असतो. म्हणूनच वलगणीला चार घरांनी पाटीभर मासे धरले तर ओढा त्यातून सावरू शकतो. एप्रिलमध्ये एकाच माणसाने डोहात विष कालवले तर पुढच्या वर्षी चढायलाच कोणी उरत नाही.

विषाची ही रीत नवी नाही. गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल ठेचून साचलेल्या पाण्यात टाकायची आणि गुंगून वर आलेले मासे गोळा करायचे, हे पूर्वापार चालत आले आहे. मात्र झाडपाल्याचे विष सौम्य असते आणि त्याचा अंमल काही वेळाने ओसरतो. पुढे रस्त्यांच्या आणि विहिरींच्या कामांमुळे सुरुंगाची दारू गावोगाव पोहोचली आणि त्यानंतर शेतीची कीटकनाशके. यांनी मोठ्या माशांबरोबर पिल्ले, खेकडे, झिंगे आणि पाण्यातले किडेही संपवले. सरकारला या प्रकाराची चिंता बरीच आधी वाटू लागली होती. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात स्फोटके वापरून किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आणि त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्या काळी दोनशे रुपये ही भलीमोठी रक्कम होती. पण डोंगरातल्या डोहापाशी पोलीस पोहोचणार कसा, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते.

ते उत्तर त्याआधीपासून देवापाशी होते. महाड तालुक्यात बिरवाडीच्या परिसरात सावित्रीच्या खोऱ्यातल्या काळ नदीवर वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान असल्याने तिथले मासे देवीचे मानले जातात आणि ते कोणी धरत नाही. चुरमुरे टाकले की पाण्याचा पृष्ठभाग माशांच्या पाठींनी काळा होतो आणि हातभर लांबीचे खडस सहज दिसतात. खडस म्हणजेच इंग्रजीत ज्याला महसीर म्हणतात तो मासा. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. पुढे धरणे, प्रदूषण आणि बेबंद मासेमारी यांमुळे पश्चिम घाटातल्या कितीतरी नद्यांतून तो विरळ होत गेला, पण वाळणकोंडीत टिकला. त्याला ना कुंपण घालावे लागले, ना पगारी राखणदार ठेवावा लागला. देवराईतले झाड तोडू नये हा जो दंडक जमिनीवर चालतो, तोच इथे पाण्यात उतरला.

देवाच्या धाकाचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. तो धाक त्या डोहापुरता असतो. डोहाच्या वरच्या अंगाला डोंगर उघडा करून काजू किंवा रबर लावला, जांभ्याच्या खाणीची माती पहिल्या पावसात खाली आली किंवा खालच्या अंगाला कारखान्यांचे सांडपाणी नदीत आले, तर त्याला देवीची आडकाठी नसते. महाड आणि लोटे-परशुराम इथे रासायनिक उद्योग आल्यानंतर सावित्रीच्या आणि दाभोळच्या खाडीतल्या मच्छीमारांनी मासे मरून वर आल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या आहेत. म्हणजे कोंड राखली तरी नदी राखली जाते असे नाही, आणि इथूनच पैशाचा, अर्थात वर्गणीचा, प्रश्न सुरू होतो.

कोकणातल्या वर्गणीचा इतिहास हा चाकरमान्याचा इतिहास आहे. 1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातून (त्यात आजचा सिंधुदुर्गही आला) माणसांचा ओघ गिरणगावाकडे लागला. एका गावाची माणसे एका खोलीत राहू लागली, त्यांची मंडळे झाली आणि मनिऑर्डरीने घर चालू लागले, तसे मंडळाच्या वर्गणीने गाव चालू लागले. देऊळ, शाळेची इमारत, साकव, पाखाडी, विहीर ही कामे किती ठिकाणी अशा पैशातून झाली याची मोजदाद नाही. पण कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी असते आणि तिच्यातली निम्मी नावे मुंबईकरांची असतात. पैसा उभा करण्याचे मार्गही ठरलेले होते. गणपती आणि शिमग्याला घरटी वर्गणी, आणि मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी गावाच्या मदतीसाठी नमन-खेळ्यांचा किंवा नाटकाचा प्रयोग. प्रयोगाची तिकिटे मंडळाच्या माणसांनीच एकमेकांना खपवायची, ही त्यातली गंमत आणि डोकेदुखी दोन्ही. 1982 च्या गिरणी संपानंतर अनेकजण गावी परतले, तरी ही व्यवस्था मोडली नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, हेही आता बहुतेक मंडळांना ठाऊक झाले आहे.

या सगळ्या काळात पाण्यासाठी वर्गणी निघाली नाही असे नाही. पण ती माणसांच्या पाण्यासाठी निघाली. पाऊस संपला की श्रमदानाने दगड, माती आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या लावून पऱ्यात कच्चे बंधारे घालण्याची रीत कोकणात जुनी आहे. ज्यांना आज वनराई बंधारे म्हणतात, ते मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे राज्यभर माहीत झाले. माशांच्या दृष्टीने या कच्च्या बंधाऱ्याचा एक गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो उन्हाळ्यात पाणी अडवतो आणि पहिल्याच लोंढ्यात वाहून जातो, त्यामुळे चढणीच्या वेळी वाट मोकळी असते. पक्का काँक्रीटचा बंधारा मात्र जूनमध्येही तिथेच असतो आणि त्याची उभी भिंत ओलांडणे छोट्या माशाला जमत नाही. गावाला अभिमान वाटतो तो पक्क्या बंधाऱ्याचा, कारण त्यावर पाटी लावता येते. ‘पऱ्या निधी’तून असा बंधारा होऊ नये, अशी लेखकाची मनापासून इच्छा आहे.

खास ओढ्यातल्या माशांसाठी पैसा गोळा करणाऱ्या संस्थांचा ठळक नमुना आपल्याकडचा नाही, तो ट्राउट नावाच्या माशाच्या देशांतला आहे. ट्राउटला थंड, वाहते आणि भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. भारतात तो इंग्रजांनी आणून काश्मीर, निलगिरी अशा थंड डोंगराळ भागांत रुजवला आणि कोकणातल्या मे महिन्याच्या कोमट डोहात तो तगणार नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ऑ सेबल नदीकाठी 1959 मध्ये गळ टाकणाऱ्या काही हौशी माणसांनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढली. सरकार हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेले मासे दरवर्षी नदीत सोडत होते आणि तेच धरले जात होते. या मंडळींचे म्हणणे असे की मासे ओतत बसण्यापेक्षा ओढाच नीट करा, मासे आपोआप होतील. तिच्या गावोगावच्या शाखा जेवणावळी, लिलाव आणि सभासद वर्गणी यांतून पैसा उभा करून काठावर झाडे लावतात, निकामी बांध काढून टाकतात आणि पाण्याचे तापमान मोजतात. तिथे पैसे देणारा मुख्यतः हौसेने गळ टाकणारा असतो. कोकणात असा वर्ग जवळजवळ नाही. इथे देणाऱ्याची आठवण असते ती लहानपणी आजोबांबरोबर बांधावर काढलेल्या वलगणीच्या रात्रीची.

मासे ओतण्याच्या मोहाबद्दलचा त्यांचा इशारा मात्र इथेही लागू पडतो. लोणावळ्याजवळ टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरचे बीज तयार होते आणि त्या कामाचे महत्त्व मोठे आहे. पण दख्खनचा महसीर कावेरीत सोडल्यानंतर तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरला त्याने मागे सारले आणि हा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या पऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जो मासा चढतो तोच राखायचा, बाहेरून पिशवीतून आणून सोडायचा नाही, हे निधी गोळा करणाऱ्यांनी आधीच ठरवलेले बरे. पोकलेन लावून पात्र सरळ आणि सपाट करण्याच्या बाबतीतही तेच. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्यासाठी नागरिकांना आंदोलन करावे लागले आणि शहराच्या जिवासाठी ते रास्तच होते. पण वाडीच्या पऱ्यात यंत्र घालून डोह बुजले, तर राखायला उरेल काय?

कोकणात अशा कामांना यश आल्याची उदाहरणे जवळच आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून सागरी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावातल्या घरांना उत्पन्न मिळू लागले. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात 2020 मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी माशाची जात नोंदली गेली आणि 2021 मध्ये राज्य सरकारने 2.11 हेक्टरची ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवाने राखलेल्या पाण्याला तिथे कायद्याची जोड मिळाली. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि स्थानिक जैवविविधता निधी यांची तरतूद केलेली आहे. गावाने ठराव करून आपले डोह लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून घेतले, तर पावतीपुस्तकाला सरकारी कागदाचा आधार मिळू शकतो.

आमच्या वाडीतल्या तरुणांनी ‘खायचे कोणी?’ या प्रश्नावर वाद घातला नाही. त्यांनी वहीत नियम लिहून घेतला : माघी पौर्णिमेपासून पहिल्या लोंढ्यापर्यंत दोन्ही डोहांत कोणी पाग (फेकजाळे) टाकायची नाही; त्यानंतर शेताच्या बांधावर वलगणीचे मासे घरापुरते धरायला हरकत नाही. प्रश्न विचारणाऱ्या काकांनी तो नियम दोनदा वाचून घेतला, चष्मा काढून ठेवला आणि एकशे एक रुपयांची पावती फाडायला सांगितली.