झटका खाऊन घुमणारं सर्किट

१९८० साली दोन ड्रम मशीनं बाजारात आली. अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आणि जपानमधून रोलंड कंपनीचं टीआर-८०८. लिन यांच्या मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये भरलेले होते. किंमत ४,९९५ डॉलर. रोलंडचं मशीन १,१९५ डॉलरला मिळायचं, आणि त्यात रेकॉर्ड केलेला आवाज एकही नव्हता. मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाने विकली जायची, म्हणून रोलंडच्या इंजिनिअरांनी ड्रमचे आवाज ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्याकडूनच काढून घेतले. ते ऐकून खरा ड्रम वाजतोय असा भास कुणालाही होत नव्हता. साधारण १२,००० नग निघाल्यावर १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग जुन्या मालात ८०८ स्वस्त झालं, अमेरिकेतल्या तरुण पोरांच्या हाती लागलं, आणि त्याची ती खोटी ‘धूम’ हिपहॉप आणि टेक्नो यांचा पायाच होऊन बसली. आपल्या मुंबईतही ते पोहोचलं होतं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच मशीनच्या ठेक्यावर रागांची एक तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

मला या मशीनचं कौतुक आहे ते वेगळ्याच कारणासाठी. अ‍ॅनालॉग ड्रम मशीन आवाज ‘लावत’ नाही. ते एका सर्किटला टपली मारतं आणि सर्किट घुमतं. ड्रमच्या पानाला जसा स्वतःचा सूर असतो तसा या सर्किटलाही असतो. त्यामुळे ते घरी बांधता येतं, आणि बांधल्यावर हवं तसं बिघडवताही येतं.

८०८ च्या बास ड्रमच्या पोटात जे सर्किट आहे त्याला ब्रिज्ड-टी म्हणतात. एक ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी चिप घ्यायची, टीएल०७२ चालेल. तिच्या आउटपुटपासून उलट्या (−) इनपुटपर्यंत दोन सारखे कपॅसिटर एकापुढे एक जोडायचे. दोघांच्या मधल्या सांध्यातून एक रेझिस्टर ग्राउंडला सोडायचा. हा झाला ‘टी’चा पाय. दुसरा, बराच मोठा रेझिस्टर दोन्ही कपॅसिटरांवरून पुलासारखा टाकायचा. ऑप-अँपचा सुलटा (+) इनपुट ग्राउंडला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की त्यांचा मधला सांधा हेच ग्राउंड. घरच्या विजेला हात लावायची गरजच नाही.

आता आकडे. कपॅसिटर १५ नॅनोफॅरॅडचे घ्या (दुकानात मिळतात त्यावर १५३ असं छापलेलं असतं), पूल १ मेगाओहमचा, पाय ४७ किलोओहमचा. या जोडणीचा सूर येतो ४९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे सेकंदाला ४९ हेलकावे, खर्जाच्याही खालचा खर्ज. दोन कपॅसिटरांच्या मधल्या सांध्यावर १ मेगाओहममधून नऊ व्होल्टचा एक मिलिसेकंदाचा झटका दिला की आउटपुटला साधारण अर्ध्या व्होल्टाचा हेलकावा उठतो आणि विरतो. हेडफोन थेट टीएल०७२ ला जोडू नका, त्याला तेवढी ताकद नाही. अँप्लिफायरच्या लाइन इनपुटमधून ऐका. आणि स्पीकर मोठा घ्या. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरला ४९ हर्ट्झ झेपत नाहीत. तिथे नुसती ‘टिक’ ऐकू येते आणि माणूस बिचारा सर्किटमध्ये चूक शोधत बसतो.

मोठ्या स्पीकरवरसुद्धा पहिल्यांदा निराशाच होते. ‘धूम’ येत नाही, ‘ठक्’ येतं. हेलकावा किती वेगाने विरणार हे पुलाचा रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरतं: १ मेगाओहम गुणिले १५ नॅनोफॅरॅड म्हणजे १५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात आवाज जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. इकडे ४९ हर्ट्झचा एक पूर्ण हेलकावा व्हायलाच २० मिलिसेकंद लागतात. पहिला हेलकावा पुरा व्हायच्या आत सर्किट दमून जातं.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते. विरण्याच्या वेळेत पायाचा रेझिस्टर कुठेच नाही. सुरात मात्र दोन्ही रेझिस्टर आहेत, तेही गुणाकाराच्या वर्गमुळाने. मग पूल दहापट करून १० मेगाओहमचा टाका आणि पाय दहा पटींनी कमी करून ४.७ किलोओहमचा. गुणाकार तोच, म्हणून सूर तसूभरही हलत नाही. टिकाव मात्र १५ वरून १५० मिलिसेकंदांवर जातो. आता आवाज पुरता विरायला सेकंदभर लागतो, आणि ही खरी ‘धूम’. दोन रेझिस्टर उपटून दोन नवे खोचायचे, एवढंच काम.

रोलंडने हा मार्ग घेतला नाही, कारण त्यांना टिकाव कमीजास्त करणारं एकच बटण हवं होतं. एक रेझिस्टर वाढवताना दुसरा तितक्याच पटीत कमी करणारं साधं पॉट, म्हणजे बटण फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, मिळत नाही. त्यांनी आउटपुटचा थोडा भाग परत आत सोडला. झोपाळा मागे येईल तेव्हा नेमका हलका धक्का देत राहावं, तसंच हे. धक्का घर्षणापेक्षा कमी असेल तर झोपाळा उशिरा थांबतो, बरोबरीचा झाला तर थांबतच नाही. ८०८ चं ‘डिके’ बटण या सीमेच्या अलीकडे अडवलेलं आहे. हौशी लोक पहिला घाव घालतात तो तिथेच. रेझिस्टर बदलून ती सीमा पुढे सरकवली की ठोका कित्येक सेकंद घुमतो, आणि अजून सरकवली की ड्रम ड्रम राहत नाही, तंबोऱ्यासारखा अखंड वाजू लागतो. त्या सीमेच्या जरा अलीकडे सर्किट ठेवायचं यातच सगळी गंमत आहे, आणि तापमान बदललं की ती जागा हलते, हेही आलंच.

८०८ मध्ये आणखी एक चलाखी आहे. पायाचा रेझिस्टर प्रत्यक्षात दोन तुकड्यांचा आहे, ४७ आणि ६.८ किलोओहम. ठोका पडताच एक ट्रान्झिस्टर पहिले काही मिलिसेकंद ४७ चा तुकडा ‘शॉर्ट’ करतो. उरतो ६.८, आणि सूर तेवढ्यापुरता १३० हर्ट्झपर्यंत उडी मारतो. मग ट्रान्झिस्टर बंद, सूर धाडकन खाली. काठीचा आघात जाणवतो तो या घसरणीमुळे. या सर्किटचा बारकाईने अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तो ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज गळते, आणि ठोका विरता विरता सूर जो उसासा टाकल्यासारखा सरकतो तो त्या गळतीमुळे, असं त्यांनी दाखवलं. परीक्षेच्या पुस्तकात ज्याला दोष म्हटलं असतं, ती या मशीनची ओळख आहे.

आता बिघडवायला घेऊ. ठोका विरत असताना सूर सरकवायचा असेल तर पायाचा रेझिस्टर चालू आवाजात बदलायला हवा, आणि टिकाव त्यावर अवलंबून नसल्यामुळे ते बिनधास्त करता येतं. ४.७ किलोओहमला समांतर एक एलडीआर जोडा, म्हणजे उजेडात ज्याचा रोध उतरतो तो पाच-दहा रुपयांचा रेझिस्टर. अंधारात तो जवळजवळ नसल्यासारखा असतो, सूर ४९. दिव्याखाली त्याचाही रोध ४.७ किलोओहमवर आला की दोघांचा मिळून निम्मा होतो आणि सूर ६९ हर्ट्झला जातो. एलडीआरवर तळवा धरा, झटका द्या, आणि आवाज विरायच्या आत हात अलगद उचला. डग्ग्यावर मनगट दाबत सूर चढवतात ना, त्या घुमाऱ्याच्या बराच जवळचा आवाज येतो. एलडीआर थोडा आळशी असतो, उजेड बदलल्यावर रोध बदलायला त्याला क्षणभर लागतो. इथे ते पथ्यावरच पडतं, मींड गुळगुळीत होते.

चाटीसाठी, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलासाठी, असंच दुसरं सर्किट बांधायचं, फक्त दोन्ही कपॅसिटर २.७ नॅनोफॅरॅडचे. सूर २७२ हर्ट्झ, काळी एकच्या किंचित खाली. पायाच्या जागी प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर टाकला की बरोबर जुळतो. पण खऱ्या चाटीची अपेक्षा ठेवू नका. साध्या गोल पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट अशा आडनिड्या जागी पडतात, म्हणून बहुतेक ढोलांना ठाम सूर नसतो. आपल्याकडच्या वाद्यांमध्ये शाईच्या वजनाने हे सूर पूर्णांकी पटींवर आणले जातात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सहकारी कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये मांडलं. आपल्या ब्रिज्ड-टीला सूर एकच. ‘ना’ हवा असेल तर अशी दोन-तीन सर्किटं दुप्पट-तिप्पट सुरांना लावून एकत्र करावी लागतील. ८०८ च्या स्नेअरमध्ये दोन आहेत, वर थोडी खरखर मिसळलेली.

ही खरखर येते कुठून? एका ट्रान्झिस्टरचं कलेक्टर मोकळं सोडतात आणि बेस-एमिटरचा सांधा उलटा जोडतात. ठरावीक व्होल्टेजच्या वर सांधा कोसळतो, इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याने प्रवाह अनियमित थरथरतो, आणि तो वाढवून ऐकला की धबधब्यासारखा आवाज येतो. बीसी५४७ मध्ये हे बहुतेकदा सात ते दहा व्होल्टच्या दरम्यान घडतं. एका नऊ व्होल्टच्या बॅटरीवर म्हणूनच कधी आवाज येतो, कधी नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे अठरा व्होल्ट वापरा. तापून जाऊ नये म्हणून मध्ये मोठा रेझिस्टर हवाच. मूठभर ट्रान्झिस्टर आणले तर प्रत्येकाची खरखर वेगळी निघते, तेव्हा एकेक खोचून ऐकायचं आणि आवडेल तो ठेवायचा. रोलंडनेही दुसरं काही केलं नव्हतं. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितलं, की ८०८ साठी ते मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घ्यायचे. कारखान्यांची गुणवत्ता सुधारली, तसा माल मिळेना, आणि मशीन बंद करावं लागलं.

झांजेत खरखर नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. ४०१०६ नावाच्या चिपमध्ये श्मिट ट्रिगर नावाची सहा छोटी चालू-बंद सर्किटं असतात. प्रत्येकाला एक रेझिस्टर, एक कपॅसिटर लावला की ते चौकोनी लहर देत सुटतं. सहांचे सूर मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे ठेवायचे, सगळे मिसळायचे आणि खालचा भाग गाळून टाकायचा. उरतं ते पत्र्यासारखं चरचरीत काहीतरी. ८०८ ची झांज आणि हाय-हॅट अशाच सहा लहरींच्या आहेत. त्यांतल्याच ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोघींना वेगळं काढलं की काऊबेल, म्हणजे गाईच्या घंटेसारखा आवाज. हे सगळं साहित्य पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

राहिला ठेका. ८०८ मध्ये त्यासाठी सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर, म्हणजे ठोके क्रमाने वाजवणारा भाग आहे, चार-चारच्या हिशेबाचा. घरी सगळ्यात सोपं म्हणजे ५५५ टायमर आणि ४०१७ काउंटर. ५५५ लय देतो, आणि प्रत्येक ठोक्याला ४०१७ चं पुढचं आउटपुट जागं होतं. आउटपुटं दहा. रीसेट, म्हणजे १५ नंबरची पिन, ग्राउंडला ठेवली की दहाही पायऱ्या चालतात: झपताल तयार. तीच पिन ९ नंबरला जोडा, आठ मात्रा, केरवा. ५ नंबरला जोडा, सहा, दादरा. ६ नंबरला जोडली की सात मात्रांचा रूपक. प्रत्येक आउटपुटपुढे स्वतंत्र १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि ग्राउंडला १०० किलोओहम द्या, म्हणजे मिलिसेकंदाचा झटका मिळतो. त्यापुढे एकेक डायोड लावून हव्या त्या पायऱ्या एकत्र करायच्या. कपॅसिटर गाळले तर लागोपाठच्या दोन मात्रा एकमेकींत मिसळून एकच ठोका पडतो.

डग्ग्याच्या तारा कुठे जोडायच्या ते ठेकाच सांगतो. झपतालात ‘धी’ येतो तिथे, म्हणजे १, ३, ४, ८ आणि ९ वर. सहावी मात्रा ‘ती’, तालाची ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा ठेवायची जागा), तिथे तार नाही. तीनतालाला दोन ४०१७ लागतात, आणि दहाव्या ते तेराव्या मात्रेला डग्गा गप्प बसतो. ड्रम मशीनवर हात बसलेला माणूस पहिल्या पायरीवर डोळे मिटून बास ड्रम टाकतो. रूपकात ते चालत नाही. त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वरच येते, ‘ती’ने, म्हणून डग्ग्याच्या तारा चौथ्या आणि सहाव्या आउटपुटला लावायच्या आणि पहिल्यावर फक्त चाटी.