केसपेपरवरचा ‘३/५’

दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळच्या नसा ताणल्या किंवा तुटल्या, की केसपेपरवर कोपर वाकवण्यापुढे ‘३/५’ असं काहीतरी लिहिलं जातं. नातेवाइकांना वाटतं, पाचात तीन, म्हणजे साठ टक्के ताकद आली. पण हे मार्क नव्हेत.

या आकड्याचं मूळ पोलिओत आहे. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लॉवेट यांच्याकडे काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी १९१२ मध्ये स्नायू तपासण्याची पद्धत मांडली. (हेच लॉवेट, ज्यांनी १९२१ मध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाल्याचं सांगितलं.) यंत्र नको, ताणकाटा नको, हात स्वतःचं वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलतो का, एवढंच पाहायचं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने, जॉर्ज रिडॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमार्फत, नसांच्या दुखापती तपासण्याची सचित्र पुस्तिका काढली. त्यातली ० ते ५ ही श्रेणी आजही चालते. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे महिनोन्‌महिने प्रश्न एकच असतो : काही आलं का? त्यासाठी ही श्रेणी फर्स्टक्लास. कोपराच्या खळीत बोट ठेवायचं. दंडाच्या स्नायूची दोरी नुसती थरथरली तर १. हात टेबलावर आडवा ठेवून, पावडर टाकलेल्या फळीवर सरकत वाकला तर २. खाली लटकलेला हात वर आला तर ३. दंडाचा स्नायू निपचित असतानाही कोपराखालच्या, मनगटाकडच्या भागातला स्नायू कोपर वाकवून फसवतो, म्हणून ते बोट तिथून हलवायचं नाही.

तपासणाऱ्याने अडवलं तरी वाकला तर ४, पूर्ण ताकद असेल तर ५. घोळ ४ वर होतो. पाण्याचा पेला जेमतेम उचलणारा ४, आणि भरलेली बादली उचलणाराही ४! कोपराच्या ताकदीचा बहुतेक सगळा पल्ला या एकाच घरात कोंबला आहे. पुढे ४ला उणे-अधिकची शेपटं लावली गेली, पण तीही तपासणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. १९९४ मध्ये फ्रान्सचे सर्जन ओबरलिन यांनी अल्नर नसेचा (करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या नसेचा) एक धागा दंडाच्या स्नायूला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. अशा शस्त्रक्रियांचं यशही याच ३-४ च्या भाषेत सांगितलं जातं.

गंमत म्हणजे ताकद मोजणारा डायनॅमोमीटर फ्रान्समध्ये रेन्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच बनवला होता. आता हातात धरायचा डायनॅमोमीटर मिळतो आणि दुसऱ्या, धडधाकट हाताशी तुलना करता येते. पण त्यालाही निदान ३ तरी लागतो. १ आणि २ साठी अजून बोटच.