अ‍ॅशिंग्टन : आधी खाण, मग गाव

मार्क वूड धावत आला की फलंदाज पाय सावरून उभे राहतात. त्याच्या आधी स्टीव्ह हार्मिसन होता. इंग्लंडचे हे दोन्ही तेज गोलंदाज एकाच गावचे. १९६६ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणारे बॉबी आणि जॅक चार्लटन हे भाऊही तिथलेच. ते गाव म्हणजे न्यूकॅसलच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवरचं अ‍ॅशिंग्टन.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे थोडी शेतं होती, एवढंच. जमीन ड्यूक ऑफ पोर्टलंड या उमरावाची. १८६०च्या दशकात कोळशाची मोठी खाण सुरू झाली आणि पोटामागे माणसं आली: आसपासचे शेतमजूर, दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश, कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणींतले कामगार. अ‍ॅशिंग्टन कोल कंपनीने त्यांच्यासाठी एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा बांधल्या. रस्त्यांना नावं द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. पहिली रांग, दुसरी रांग, असं करत अकरावीपर्यंत नुसते आकडे. पुढे याला ‘जगातलं सर्वांत मोठं खाणगाव’ म्हणू लागले.

भाषाही खाणीचीच. ‘पिटमॅटिक’ नावाची ही बोली इतर इंग्रजांनाही नीट कळत नाही. तिच्यात ‘मारा’ म्हणजे खाणीतला जोडीदार. ज्याच्या भरवशावर खाली उतरायचं, तो. अशा भरवशाची गरज का पडे, हे शेजारच्या वुडहॉर्न खाणीत १३ ऑगस्ट १९१६ च्या रविवारी दिसलं. वायूचा स्फोट झाला आणि १३ जण गेले.

मला मात्र या गावाची सगळ्यांत आवडती गोष्ट १९३४ ची आहे. पाळी संपल्यावर काही कामगार संध्याकाळच्या वर्गाला जात. म्हणतात, त्यांना शिकायचं होतं अर्थशास्त्र, पण शिक्षकच मिळेना, म्हणून कलेचा वर्ग घेतला. न्यूकॅसलहून रॉबर्ट लायन आले. त्यांनी जुन्या युरोपीय उस्तादांच्या चित्रांच्या स्लाइड्स दाखवल्या, पण समोरच्यांना त्यात काही गम्य वाटेना. शेवटी लायन म्हणाले, तुम्हीच काढा. मग या मंडळींनी पुठ्ठ्या-फळ्यांवर, प्रसंगी भिंतीला लावायचा रंग वापरून, रोजचं जगणं काढलं: बुटक्या बोगद्यात अंग दुमडून कोळसा फोडणारा माणूस, खाणीतलं तट्टू, कबुतरांची खुराडी, भाजीचे वाफे. त्यांच्यातला ऑलिव्हर किलबर्न जन्मभर खाणीत राबला आणि चित्रं काढत राहिला. हॅरी विल्सन कवळ्या बनवायचा, म्हणजे मंडळ फक्त खाणवाल्यांचं नव्हतं. चित्रं त्यांनी विकण्यापेक्षा एकत्र ठेवली, म्हणूनच आज ती वुडहॉर्नच्या संग्रहालयात एका जागी बघता येतात.

फुटबॉलचंही तसंच, खाणीला लागूनच. चार्लटन भावांचे वडील खाणकामगार, आणि आईच्या माहेरच्या मिलबर्न घराण्यात तर खेळाडूंची रांगच. १९६६ च्या उपांत्य सामन्यात बॉबीने पोर्तुगालविरुद्ध दोन्ही गोल केले, तेव्हा वडील जमिनीखाली पाळीवर होते. मुलगा इंग्लंडला अंतिम फेरीत नेत होता, पण पाळी ती पाळी!

१ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारच्या झाल्या. कंपनी गेली, पण कोळसा संपणार नाही असा भरवसा होता. तो फार टिकला नाही. वुडहॉर्न १९८१ मध्ये बंद झाली. मार्च १९८४ पासून वर्षभर चाललेला देशव्यापी संप कामगार हरले आणि १९८८ मध्ये खुद्द अ‍ॅशिंग्टनच्या खाणीला टाळं लागलं. जवळची एलिंग्टन खाण समुद्राच्या तळाखाली पसरलेली होती. तिच्यात पाणी शिरलं आणि जानेवारी २००५ मध्ये तीही मिटली. ईशान्य इंग्लंडमधली ती शेवटची खोल खाण.

अ‍ॅशिंग्टनची प्रवासी रेल्वे १९६४ मध्येच बंद झाली होती. रूळ उखडले गेले नाहीत, कारण त्यांवरून मालगाड्या जात होत्या, मुख्यतः कोळशाच्या. १५ डिसेंबर २०२४ ला त्याच रुळांवरून न्यूकॅसलची प्रवासी गाडी पुन्हा धावली, तब्बल साठ वर्षांनी.