बिनविरोध निवडीचा कागद

शिवसेनेत नेता निवडायची वेळ फारशी आलीच नाही. १९ जून १९६६ ला पक्ष स्थापन झाला तेव्हापासून 'आदेश' हाच तिथला कायदा. शिवसेनाप्रमुखांच्या समोर उभं कोण राहणार होतं? पण १९८९ पासून पक्षांना निवडणूक आयोगाकडे नोंदणी करणं भाग पडलं. नव्वदच्या दशकात आयोगाने अंतर्गत निवडणुकांचा तगादा लावला आणि १९९९ मध्ये सेनेच्या घटनेत तशी दुरुस्ती झाली. सैनिकांपैकी किती जणांनी ती वाचली असेल, देव जाणे.

जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. ठराव मांडला होता राज ठाकरे यांनी. विरोधी सूर निघाला नाही. नाराजी होती, पण ती मतपेटीत जायची सोयच नव्हती. मग ती बाहेरच्या वाटेने गेली. २००५ मध्ये आधी नारायण राणे गेले, वर्षअखेरीस खुद्द ठराव मांडणारेच बाहेर पडले आणि ९ मार्च २००६ ला मनसे उभी राहिली.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब गेले. २३ जानेवारी २०१३ ला, त्यांच्या जयंतीदिवशी, कार्यकारिणीने उद्धव यांना 'पक्षप्रमुख' केलं. 'शिवसेनाप्रमुख' हे पद बाळासाहेबांसाठीच राखून ठेवलं. भावनेच्या दृष्टीने शोभून दिसलं. पण १९९९ च्या घटनेत सर्वोच्च पद 'शिवसेनाप्रमुख' हेच होतं. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा तीच निवड, पुन्हा बिनविरोध. त्याच वर्षी घटनेतही पुन्हा दुरुस्ती केल्याचं पक्ष सांगत होता.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केलं आणि खरा पक्ष कुणाचा या वादात सगळे जुने कागद उघडले गेले. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगाने सांगितलं की २०१८ ची घटनादुरुस्ती आपल्या दप्तरी नाही आणि ती लोकशाहीला धरूनही नाही. मग आमदार-खासदारांचं संख्याबळ मोजून पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. १० जानेवारी २०२४ ला आमदारांच्या अपात्रतेचा निकाल देताना विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही १९९९ चीच घटना ग्राह्य धरली. पक्षप्रमुखांना मनाला येईल तसं कुणाला पदावरून काढता येत नाही, असा त्यातून अर्थ निघाला. आदेशावर वाढलेल्या पक्षात हे ऐकायला मिळावं, ही गंमतच.

सहाच दिवसांनी वरळीत ठाकरे गटाने जाहीर पत्रकार परिषद घेतली आणि २०१३ च्या त्या बैठकीची चित्रफीत पडद्यावर लावली.