मोटारीतील ध्वनियंत्रणा व संगणक यांचा विद्युतपुरवठा

मोटारीत नंतर बसवलेले संगणक, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम (रस्ता चित्रित करणारा कॅमेरा) यांसारख्या उपकरणांना बॅटरी व अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीजजनक) यांच्याकडून स्थिर आणि गोंगाटरहित वीज मिळावी म्हणून केलेली व्यवस्था. हा प्रश्न मोटार-रेडिओइतकाच जुना आहे. १९३० च्या दशकातील निर्वात नळ्यांच्या रेडिओंना बरेच जास्त व्होल्टेज लागे आणि बहुतेक गाड्यांची बॅटरी असे ६ व्होल्टची. म्हणून सतत थरथरणारा यांत्रिक व्हायब्रेटर व ट्रान्सफॉर्मर वापरून व्होल्टेज वाढवत.

आजची ‘१२ व्होल्ट’ बॅटरीही नेमके १२ व्होल्ट क्वचितच देते. पूर्ण भरलेल्या, विसावलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताच हा आकडा क्षणभर ९ पर्यंत, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही खाली येतो. अल्टरनेटर जोरात चार्जिंग करत असताना बॅटरीची जोडणी अचानक सुटली, तर उलट नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टेजचा झटका बसतो. रेडिओ हे निभावून नेतो. संगणक मात्र सेल्फ मारताना बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि वारंवार असे झाले की डिस्कवरील माहिती बिघडू शकते.

यावर इन्व्हर्टर लावून घरचा ॲडॅप्टर जोडण्याचा उपाय सोपा वाटतो, पण १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १९ किंवा १२ व्होल्ट करताना वीज दोनदा वाया जाते, शिवाय सेल्फच्या क्षणी इन्व्हर्टरच कमी व्होल्टेजमुळे बंद होतो. त्यापेक्षा व्होल्टेज गरजेप्रमाणे चढवणारा-उतरवणारा डीसी-डीसी (एकदिश विजेचे एकदिशच ठेवणारा) कन्व्हर्टर घ्यावा. मोटारीसाठी बनवलेले असे पुरवठे ६ व्होल्टपर्यंतची घसरण सोसतात. ते इग्निशनच्या वायरवर लक्ष ठेवतात, चावी काढली की संगणकाला बंद होण्याची सूचना देतात आणि काही मिनिटांनी वीज पूर्ण तोडतात. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण रात्रंदिवस १ अँपिअर खाणारे उपकरण ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी करते.

ध्वनियंत्रणेत दोष बहुधा बॅटरीवर ढकलला जातो. खरा दोषी अनेकदा वायर किंवा अर्थिंग, म्हणजे चासीशी (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी) केलेली ऋण जोडणी, असते. ५०० वॉटचा डी-वर्गीय (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ४० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. अशा वेळी रंग न खरवडता त्यावरच आवळलेल्या नटाने १० मिलिओहम रोध घातला, तर तेवढ्यावरच ०.४ व्होल्ट गळतात. म्हणून मोजमाप गाणे मोठ्याने वाजत असतानाच करावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर ठेवावे. काही दशांश व्होल्ट दिसले तर चासीवरची जागा घासून उघडी करावी व वायर आखूड, जाड घ्यावी. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे सांधे लवकर गंजतात. धन वायरीवर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तो वायरीला आगीपासून वाचवतो, ॲम्प्लिफायरला नव्हे.

बासच्या ठोक्याला दिवे मंदावतात म्हणून १ फॅरडचा कपॅसिटर (विजेचा छोटा साठा करणारा घटक) विकत घेणारे पुष्कळ आहेत. व्होल्टेज १४ वरून १३ वर येईपर्यंत तो जेमतेम १३.५ ज्यूल देतो, म्हणजे ५०० वॉटच्या भाराला सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागापुरता. अल्टरनेटरच अपुरा असेल तर त्याने फारसे काही साधत नाही. आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या तीन वायरी जाड करून पाहाव्यात.

स्पीकरमधून येणारी, ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी हा वेगळा आजार. अल्टरनेटरच्या त्रिकला (थ्री-फेज) विजेचे डायोडांनी डीसी केल्यावरही थोडी लहर उरते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिची वारंवारता वाढते. डॅशबोर्डातील स्टिरिओ आणि डिकीतला ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या जागी अर्थ केले की ती ऑडिओ केबलच्या आवरणातून वाहू लागते. चार्जिंगला लावलेला फोन ऑक्स केबलने जोडताच येणारी चिरचिर याच जातीची. ऑडिओ केबल काढून पाहावी: शिट्टी थांबली तर ती संकेतमार्गातून येते आहे, चालूच राहिली तर ॲम्प्लिफायरच्या वीजजोडणीत शोधावे. दोन अर्थांमुळे बनणारे हे वर्तुळ (ग्राउंड-लूप) तोडणाऱ्या आयसोलेटरने फरक पडतो, मात्र स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातात. अर्थ एकाच बिंदूवर आणणे अधिक चांगले.

नव्या गाड्यांतील ‘स्मार्ट’ अल्टरनेटरने एक गुंता वाढवला आहे. इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज सतत बदलतो. गती घेताना ते साडेबाराच्या आसपास उतरते, ब्रेक दाबताना १५ कडे जाते. केवळ व्होल्टेज पाहून इंजिन चालू की बंद हे ठरवणारी उपकरणे इथे फसतात आणि भर रस्त्यात संगणक बंद करतात. अशा गाडीत इग्निशनची स्वतंत्र वायर ओढण्यावाचून गत्यंतर नाही.