दप्तरात कुणाला शोधायचे, आणि कोणत्या नावाखाली

जुन्या दप्तरांत समलिंगी माणसे कशी शोधायची, ही गोष्ट चार चिन्हांपासून सुरू करू: एक ग्रीक थीटा, पाचाचा आकडा, बेरजेचे चिन्ह आणि तिनाचा आकडा. १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सजवळ, शिब्डन हॉल नावाच्या वाड्यात दोन माणसे या चार चिन्हांकडे पाहत बसली होती. कागदाच्या एका चिटोऱ्यावर ‘इन गॉड इज माय’ एवढे साध्या अक्षरांत होते आणि पुढे ही चार चिन्हे. वाड्याचा मालक जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी थीटा म्हणजे ‘एच’ आणि तीन म्हणजे ‘ई’ असा अंदाज आधीच बांधला होता. चार अक्षरी, ‘एच’ने सुरू होणारा, ‘ई’वर संपणारा आणि देवाच्या संदर्भात बसणारा शब्द म्हणजे ‘होप’, आशा. ‘ओ’ आणि ‘पी’ फुकटात मिळाले. उरलेली अक्षरे त्याच रात्री दोन वाजेपर्यंत सुटली.

सुटलेला मजकूर वाचून बरेलने सल्ला दिला की, हे सगळे जाळून टाक. लिस्टरने तो मानला नाही. वह्या वाड्यातल्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे पुन्हा ठेवून दिल्या. मजकूर होता त्याच घरातल्या ॲन लिस्टर (१७९१–१८४०) या जमीनदार बाईच्या रोजनिशीचा. सुमारे ५० लाख शब्द, त्यातला साधारण सहावा भाग सांकेतिक लिपीत, आणि त्या लिपीत पैशाअडक्याच्या, दुखण्याबाण्याच्या गोष्टींबरोबर तिची बायकांवरची प्रेमे आणि शय्यासुखाचे तपशील.

लिपी तशी अवघड नाही, फसवी आहे. स्वर ओळीने आकड्यांत आहेत: ‘ए’ला २, ‘ई’ला ३, ‘आय’ला ४, ‘ओ’ला ५, ‘यू’ला ६ आणि ‘वाय’ला ७. इंग्रजीत ‘ई’ सर्वाधिक वेळा येतो, त्यामुळे पानावर तिनांची गर्दी दिसते, आणि अशा लिपीवर पहिला घाव तिथेच घालायचा असतो. घोटाळा व्यंजनांत होतो. कागदावर दिसणारा ‘पी’ प्रत्यक्षात ‘आर’ आहे, ‘डी’ म्हणजे ‘एल’, ‘एन’ म्हणजे ‘जी’, आणि शून्य म्हणजे ‘डी’. डोळा ओळखीचे अक्षर पाहतो आणि मन सवयीने चुकीचे वाचते. ‘आय’ आणि ‘जे’ दोन्हींना चारच. त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि विरामचिन्हे नाहीत. मोडी वाचणाऱ्याला हे दुखणे नवे नाही: अक्षरे सगळी लागतात, पण शब्द कुठे तोडायचा यावर अर्थ अडतो.

अक्षरे लागली म्हणजे अर्थ लागला असेही नाही. तिच्या रोजनिशीत ‘किस’ हा शब्द जागोजागी येतो आणि तो पुष्कळदा चुंबनासाठी नसतो, संभोगासाठी असतो. म्हणजे संकेताच्या आत दुसरा संकेत. पहिला उलगडतो तक्त्याने. दुसरा उलगडायला शेकडो नोंदी शेजारी ठेवून तो शब्द कधी, कुणाबरोबर, कशानंतर येतो हे पाहावे लागते. १८३४च्या ईस्टरला यॉर्कमधल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये तिने ॲन वॉकर हिच्याबरोबर प्रसाद घेतला आणि दोघींनी ते आपले लग्न मानले. चर्चच्या विवाह नोंदवहीत त्याचा मागमूस असण्याचे कारणच नव्हते. रोजनिशी नसती तर एका घरात राहणाऱ्या दोन श्रीमंत, अविवाहित स्त्रिया एवढीच नोंद उरली असती. रोजनिशीतले उतारे पुस्तकरूपाने यायला १९८८ उजाडले, आणि ॲन वॉकरची स्वतःची छोटी रोजनिशी तर अभिलेखागारात असूनही २०२० पर्यंत कुणी ओळखली नव्हती.

असा स्वतःच्या हाताने लिहिलेला पुरावा मात्र विरळा. गतकाळातल्या समलिंगी माणसांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्याचा मोठा हिस्सा त्यांना पकडणाऱ्यांनी लिहून ठेवलेला आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सने १४३२ मध्ये खास याच कामासाठी ‘रात्रीचे अधिकारी’ नेमले. शहरात पेट्या बसवल्या. निनावी चिठ्ठी टाकायची, चौकशी सुरू. साधारण ४० हजार वस्तीच्या या शहरात १५०२ पर्यंतच्या ७० वर्षांत सुमारे १७ हजार पुरुषांची नावे या दप्तरात आली. दोषी ठरले त्यातले ३ हजारांच्या आसपास. १४७६ मध्ये अशाच एका चिठ्ठीत तरुण लिओनार्दो दा विंचीचे नाव होते. खटला पुढे टिकला नाही. या आकड्यांवरून ‘फ्लॉरेन्समध्ये एवढे समलिंगी होते’ असे म्हणणे चूक. चिठ्ठी वैरातूनही पडते, आणि नाव आले म्हणजे घटना घडली असे नाही. तो आकडा आधी पेटीचा आहे, मग माणसांचा.

मग न्यायालयाचे कागद वाचायचे कसे? फिर्यादीला ना बचावाला, कुणालाच ज्याची गरज नव्हती असा तपशील आधी उचलायचा. लंडनमध्ये समलिंगी पुरुष जिथे जमत त्या मार्गारेट क्लॅप हिच्या घरावर फेब्रुवारी १७२६ मध्ये छापा पडला, सुमारे ४० जण पकडले गेले आणि मे महिन्यात तिघांना टायबर्नला फाशी दिली. तिला स्वतःला स्मिथफील्डच्या चौकात खोड्यात उभे करण्याची शिक्षा, दंड आणि दोन वर्षे कैद. साक्षीदारांपैकी काही जण खबरे होते. त्यांचे शब्द तोलूनच घ्यायचे. पण रोज तीस-चाळीस माणसे जमत आणि रविवारी रात्री जास्त, हे साक्षीत सहज येऊन जाते. रविवार का? फाशी गेलेल्यांत एक दूधवाला, एक लोकर विंचरणारा आणि एक गाद्या-खुर्च्या मढवणारा होता. हातावर पोट असलेल्यांना मोकळा वार तोच. म्हणजे ही उमरावांची ऐषबाजी नव्हती. कष्टकऱ्यांनी भेटायला, नाचायला, गप्पा मारायला धरलेली जागा होती. खबऱ्याने हे सांगायचे म्हणून सांगितलेले नाही, आणि म्हणूनच ते विश्वासाचे वाटते.

दुसरी खबरदारी कागद नसण्याबद्दल. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या छापील वृत्तांतांत १८व्या शतकाच्या अखेरीस अशा खटल्यांचा तपशील अश्लील म्हणून गाळला जाऊ लागला. उरला तो आरोप आणि निकाल. शब्द मोजणाऱ्या संगणकाला त्या काळात प्रकरणे आटल्यासारखी वाटतील. आटली होती ती छपाई; फाशी तर १८३५ पर्यंत चालू राहिली. शिवाय शोधशब्दाचा प्रश्न. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच कार्ल मारिया केर्टबेनी याने १८६८ च्या पत्रात प्रथम लिहिला आणि पुढच्या वर्षी तो छापला गेला. त्याआधीच्या दप्तरात तो टाकून शोधले तर हाती काही लागणार नाही. ‘मॉली’ (बायकी पुरुष), ‘सॉडमी’ (गुदमैथुन), ‘अनैसर्गिक’ असे त्या काळचे, बहुतेक शिवीच्या जातीचे शब्द घ्यावे लागतात.

स्त्रियांसाठी तेही पुरत नाही. इंग्लंडच्या कायद्यात स्त्रियांचा समलिंगी संबंध गुन्हाच नव्हता, त्यामुळे त्या नावाची फाइल नाही. पुरुषाच्या वेशात ‘चार्ल्स’ म्हणून इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स गावी मेरी प्राइसशी लग्न केलेल्या मेरी हॅमिल्टनला १७४६ मध्ये सहा महिने कैद आणि चार गावांत फटके अशी शिक्षा झाली, पण फसवणूक आणि भटकेपणा या कलमांखाली. शोधणाऱ्याने लिंगभावाची सूची चाळली तर ती सापडणार नाही. ठकसेनांच्या रांगेत सापडेल. आपल्याकडचा खैराती हाही असाच कागदावर उरला: १८८४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याची भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) खालची शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर हे काहीच सिद्ध नव्हते, बायकांचे कपडे घालून गात होता एवढे मात्र नोंदले गेले. अपील झाले म्हणून निकाल छापला गेला.

कधी कागद असतो, पण मधल्या हातांनी तो दुरुस्त केलेला असतो. मिकेलँजेलोने पुरुषांना उद्देशून लिहिलेल्या कविता त्याच्या पुतण्याच्या मुलाने १६२३ मध्ये छापल्या तेव्हा पुल्लिंगी सर्वनामे स्त्रीलिंगी केली. २०० वर्षांहून अधिक काळ वाचकांपुढे तीच आवृत्ती होती. मूळ हस्तलिखित शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, आणि छापील पुस्तक हाताशी असताना हस्तलिखित मागवायचा कंटाळा अभ्यासकांनाही येतोच.

कधी कागद वाचलेला असतो, पण दुसऱ्याच कामासाठी. यॉर्कशरमधला शेतकरी मॅथ्यू टॉमलिन्सन स्वतः समलिंगी होता असे कुठे दिसत नाही. त्याची रोजनिशी वेकफिल्डच्या ग्रंथालयात आहे. निवडणुका, यंत्रफोडीचे दंगे यांच्यासाठी ती पूर्वीही चाळली गेली होती. २०२० मध्ये एका संशोधकाने १४ जानेवारी १८१० ची नोंद जगापुढे आणली. एका नौदल शल्यचिकित्सकाला फाशी दिल्याची बातमी वाचून टॉमलिन्सन लिहितो की, हा ओढा लहानपणापासूनचा असेल तर तो स्वभावच म्हणायचा. आणि देवानेच तसा स्वभाव घडवून त्याच्यापायी मृत्युदंड ठेवावा, हे विचित्र नाही का? लगेच पुढे, हा स्वभाव नसून निवड असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, मग ती खच्चीकरणाची का असेना, असेही तो म्हणून जातो. दोन्ही भाग एकत्रच वाचायला हवेत.